जुनं फर्निचर काढून ‘इको-फ्रेंडली’ घेऊ का?

पत्र:

ताई, आम्ही लवकरच नवीन घरात राहायला जातोय. नवऱ्याचं म्हणणं, घर नवीन तर फर्निचर पण नवीन, जुनं सगळं देऊन टाकू. मला ते पटत नाही, पण मग मी म्हटलं घ्यायचंच असेल तर निदान बांबूचं नाहीतर सॉलिड लाकडाचं इको-फ्रेंडली घेऊ, आणि त्यावरून रोज वाद चाललेत. आत्ता घरात सासूबाईंचं जुनं लाकडी कपाट आहे, एक सोफा आहे ज्याचा फोम पार बसलाय, पार्टिकल बोर्डचा वॉर्डरोब आहे तो हलतो, एक लोखंडी पलंग आणि त्यावरची गादी. मुलीला अभ्यासाचं टेबल लागणार आहे. नवरा म्हणतो कार्बन कमी करायचा तर वीज आणि गाडी बघ, खुर्च्या-टेबलांनी काय होतंय, आणि लाकडात तर उलट कार्बन साठून राहतो, म्हणजे लाकडी फर्निचर जेवढं जास्त तेवढं चांगलंच की. ह्यावर काय बोलायचं मला सुचत नाही. खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर आम्ही नक्की काय करायचं?

– एक वाचक

उत्तर:

अगं, तुझ्या नवऱ्याचा तो शेवटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, म्हणूनच तुला खोडता येत नाहीये. तर आधी तोच घेऊ.

सुक्या लाकडाच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. झाडाने तो हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे १ किलो सुकं लाकूड म्हणजे हवेतून काढलेला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड. तुमच्या सासूबाईंचं कपाट समजा ४० किलोचं असेल तर त्यात जवळपास ७० किलो कार्बन डायऑक्साइड बंद होऊन बसलेला आहे. इथपर्यंत त्याचं बरोबर. पण तो तिथे राहणार कधीपर्यंत, तर कपाट कपाट म्हणून उभं आहे तोपर्यंतच. ते कोणी सरपणाला नेलं तर सगळा त्याच दिवशी हवेत जाणार, आणि कचऱ्याच्या ढिगाखाली दाबलं गेलं तर हवा न लागता हळूहळू कुजून त्यातल्या काही भागाचा मिथेन होणार, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून जास्त तापवतो. आता तू जुनं कपाट काढून तेवढंच नवीन लाकडी कपाट आणलंस तर काय झालं? एक साठा सुटायच्या मार्गाला लागला आणि तेवढाच दुसरा घरात आला. साठ्यात वाढ काहीच नाही, वर नवीन कपाट बनवायला जी ऊर्जा लागली, गोंद लागला, पॉलिश लागलं, वाहतूक झाली ते सगळं जादाचं. शिवाय ओंडक्यातून फळ्या काढताना साधारण निम्मं लाकूड भुसा, साली आणि तुकडे म्हणूनच निघतं, फांद्या नि मुळं तर जंगलातच राहतात, म्हणजे कपाटात दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त झाड तोडलेलं असतं. तेव्हा त्याला सांग की लाकडातला कार्बन साठवायचा असेल तर साठा आधीच घरात आहे, तो सांभाळायचा.

आता त्याचा दुसरा मुद्दा, फर्निचरने काय होतंय. इथेही तो अगदीच चूक नाही. ब्रिटनमधल्या फर्निचर इंडस्ट्री रिसर्च असोसिएशनने २०११ मध्ये बऱ्याच वस्तूंमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो ह्याचा हिशोब मांडला होता, त्यात एका वस्तूची सरासरी ४७ किलोच्या आसपास आली होती आणि सोफ्याची ९०. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एक सोफा म्हणजे जवळपास ३९ लिटर पेट्रोल. रोज गाडी चालवणाऱ्यासाठी हा आकडा फार मोठा नाही हे मान्य. पण तुम्ही एक सोफा नाही घेत आहात, आख्खं घर भरताय. लहानमोठ्या वीस वस्तू धरल्या तर टनभराच्या जवळ जातं, आणि ते सगळं एका महिन्यात, एका निर्णयाने. विजेचं कसं, आज जास्त वापरली तर उद्या कमी वापरता येते. फर्निचरचं तसं नाही. खुर्ची वीज खात नाही, तिचा जवळजवळ सगळा कार्बन ती दारात यायच्या आधीच खर्च झालेला असतो आणि नंतर आपण तो परत घेऊ शकत नाही, फक्त किती वर्षांत वाटायचा ते आपल्या हातात असतं. ४७ किलोची वस्तू ५ वर्षांत टाकली तर वर्षाला साडेनऊ किलोच्या आसपास, ३० वर्षं वापरली तर दीड किलो. वस्तू तीच बरं का.

म्हणून माझं सरळ मत असं की तुमच्या दोघांच्या वादात ‘नवीन साधं की नवीन इको-फ्रेंडली’ हा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. आधी जे आहे त्यातलं काय काय टिकवता येतंय ते बघा, मग जे खरंच नाहीये तेवढंच आणा, आणि ते शक्यतो वापरलेलं.

सासूबाईंचं कपाट तर ठेवायचंच, त्यावर जास्त बोलत नाही. फक्त हलवायच्या आधी खालच्या बाजूला आणि मागे टॉर्च मारून बघ, बारीक भोकं आणि ताज्या पिठासारखा भुसा दिसला तर किडा अजून आत आहे, आधी त्याची ट्रीटमेंट कर आणि मगच नव्या घरात ने. जुनं चपड्याचं पॉलिश असेल तर ते स्पिरिटमध्ये विरघळतं, त्यामुळे पूर्ण खरवडून न काढता जिथे गेलंय तिथे वरून पुन्हा लावता येतं. ऑइलपेंट मारलेलं असेल आणि तो रंग खूप जुना असेल तर मात्र कोरडा पॉलिश पेपर मारत बसू नकोस, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. आणि जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवायचे नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायचे.

लोखंडी पलंगाबद्दलही फार विचार करू नकोस. १ किलो नवीन स्टील बनवताना जगभराच्या सरासरीने साधारण २ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो खर्च होऊन गेलाय आणि पलंग अजून कितीतरी वर्षं जाईल. गंज घासून काढ, प्रायमर आणि रंग मार, नट घट्ट कर, झालं. दिसायला आवडत नसेल तर रंग बदल.

खरा प्रश्न वॉर्डरोबचा आहे. पार्टिकल बोर्डला लोक सरसकट नावं ठेवतात, मला ते पूर्ण पटत नाही. तो बनतो बराचसा लाकडाच्या तुकड्यांपासून आणि भुशापासून, जे एरवी बहुतेक जाळलंच गेलं असतं, त्यामुळे बनवतानाचा त्याचा कार्बन काही भयंकर नसतो. तुकडे चिकटवायला जो युरिया-फॉर्मल्डिहाइडचा राळेसारखा गोंद लागतो तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून येतो आणि वर गरम प्रेसला ऊर्जा लागते. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या बोर्डमध्ये, तर वजनाचा साधारण दहावा हिस्सा गोंदच असतो. पण त्याचा खरा घोळ आयुष्याचा आहे. पाणी लागलं की फुगतो, फुगलेला परत बसत नाही, आणि एकदा स्क्रू काढला की त्याच भोकात दुसऱ्यांदा तो नीट पकडत नाही. म्हणूनच असे वॉर्डरोब बहुतेक घर बदलतानाच मरतात, आणि तुमचं नेमकं तेच होणार आहे, तर ह्याच्याकडे नीट लक्ष दे.

तो हलतो म्हणतेस तर आधी मागची पातळ फळी बघ. लोकांना वाटतं ती नुसती झाकायला असते, पण वॉर्डरोब काटकोनात उभा राहतो तो तिच्यामुळेच, तिचे खिळे सुटले की आख्खा वॉर्डरोब तिरका व्हायला लागतो. दोन्ही कर्ण टेपने मोज, सारखे येईपर्यंत वॉर्डरोब सरळ कर आणि मग ती फळी पुन्हा ठोक, किंवा तिच्या जागी जरा जाड प्लाय लाव, निम्म्याहून जास्त वेळा हलणं तिथेच थांबतं. बिजागरीचे स्क्रू निघत असतील तर तेच स्क्रू पुन्हा पुन्हा पिळू नकोस, भोक जरा मोठं करून त्यात लाकडाची गोल खुंटी, म्हणजे डॉवेल, पांढरा गोंद लावून बसव, रात्रभर वाळू दे, मग त्यात बारीक ड्रिलने नवीन भोक पाडून स्क्रू लाव. तेवढी जागाच फुटली असेल तर बिजागरीखाली लावायच्या लोखंडी पट्ट्या मिळतात, किंवा बिजागरी सरळ दोनतीन सेंटिमीटर वर सरकव. हलवताना आतलं सगळं रिकामं करायचं, दारं काढून वेगळी न्यायची, आणि जमिनीवरून ओढायचा नाही, दोघांनी उचलायचा. फिरवून लॉक होणारे कॅम असतील तर तो काही वेळा सुटा करून जोडता येतो, पण सरळ बोर्डात स्क्रू मारलेले असतील आणि दारातून आख्खा जात असेल तर सुटा करूच नका. नव्या घरात त्याला खाली छोटे पाय लाव म्हणजे लादी पुसताना पाणी लागणार नाही, आणि जिथे कडेची पट्टी निघालीये तिथे नवीन चिकटव. एवढं सगळं करून नाहीच टिकला तर दारं आणि चांगल्या फळ्या ठेव, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

सोफ्याचं ऐक. सोफ्याच्या ९० किलोत लाकडी सांगाड्याचा वाटा सहसा छोटा असतो, मोठा वाटा फोम, स्प्रिंगचं लोखंड आणि कापडाचा. पॉलियुरेथेन फोम पेट्रोलियमपासून बनतो आणि १ किलो फोममागे साधारण ३ ते ५ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणून आधी सोफा उलटा कर, खालचं काळं कापड एका बाजूने सोडव आणि सांगाडा हलवून बघ. तो घट्ट असेल तर सोफा मेलेला नाही, फक्त बसायचा फोम मेलाय. पाठीचा आणि हातांचा फोम बहुतेक चांगलाच असतो कारण त्यावर आपलं वजन पडत नाही. समजा ६० बाय ६० सेंटिमीटरच्या, १२ सेंटिमीटर जाडीच्या तीन गाद्या बदलायच्या आणि फोम ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलोवाला घेतला, तर लागतो सगळा मिळून पाचेक किलो, म्हणजे १५ ते २५ किलो कार्बन डायऑक्साइड. नवीन सोफ्याचे ९०. डेन्सिटीत मात्र काटकसर करू नका. बसायच्या जागेला ३२ च्या खालचा फोम घेतला तर लवकर बसतो आणि पुन्हा तेच काम. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे हेही दुकानात स्पष्ट विचार, मऊ पण जास्त डेन्सिटीचा फोम मिळतो. खालचे पट्टे सैल झाले असतील तर त्याच वेळी बदलून घे, नाहीतर नवीन फोम पण खाली जाईल. आणि कव्हर चेन असलेलंच शिवून घे म्हणजे धुता येईल, कितीतरी चांगले सोफे नुसत्या डागांमुळे टाकले जातात.

एक गोष्ट मात्र नक्की पाळ. सोफा खूप जुना असेल आणि फोमचा हाताने भुगा होत असेल तर तो उशांत वगैरे भरू नकोस. पूर्वी फोममध्ये आग लवकर लागू नये म्हणून पेंटाबीडीई नावाची रसायनं घालत, ती शरीरात साठतात, २००९ मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत ती बंदीसाठी घातली गेली. तो भुगा पिशवीत बंद करून टाकायचा.

गादीवर मी हट्ट धरणार नाही. ती खचली असेल, पाठ दुखत असेल, ढेकूण झाले असतील तर बदला, तिथे तब्येत आधी. नुसती एका बाजूने दबली असेल तर डोकं-पाय फिरवून बघ, वरून पातळ टॉपर टाकून काही वर्षं निघतात. टाकायची वेळ आली तर स्प्रिंगची गादी आख्खी टाकू नका, लोखंड वेगळं निघालं तर ते भंगारात जाऊन पुन्हा स्टील होतं. मोठ्या वस्तूंचं टाकल्यावर काय होतं ते अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या, ईपीएच्या, आकड्यांत दिसतं. २०१८ मध्ये तिथे टाकलेल्या फर्निचर आणि फर्निशिंगपैकी ८० टक्के जमिनीत पुरलं गेलं, रीसायकल झालं १ टक्क्यापेक्षाही कमी, आणि १९६० च्या मानाने टाकण्याचं वजन पाचपटीहून वाढलेलं. एकाच वस्तूत लाकूड, फोम, लोखंड, कापड, गोंद सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, ते सुटं करत कोण बसणार, त्यामुळे रीसायकलच्या भरवशावर काही टाकू नका. द्यायचंच असेल तर ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाच्या घरी जातंय एवढं बघून द्या.

राहिलं मुलीचं टेबल. इथे पहिली पसंती वापरलेलं. त्याचा कार्बन आधीच होऊन गेलेला असतो, आणि बोर्डचं असलं तरी त्याच्या गोंदातून सुटणारा, डोळ्या-नाकाला त्रास देणारा फॉर्मल्डिहाइड वायू मुख्यतः सुरुवातीच्या काळात बाहेर पडतो त्यामुळे जुन्या टेबलाचा तोही त्रास कमी. फक्त स्वस्त मिळतंय म्हणून नको असलेल्या आणखी दोन वस्तू उचलल्या तर काही वाचत नाही, वापरलेली वस्तू नव्याच्या जागी आली तरच फायदा. वॉर्डरोबचं दार सपाट आणि चांगलं असेल तर त्याला मधे आधाराची आडवी पट्टी देऊन खाली घोड्या किंवा लोखंडी पाय लावले तरी उत्तम टेबल होतं, आणि पाय उंची बदलणारे घेतलेत तर मुलगी मोठी झाली तरी तेच चालेल. पॅलेटचं लाकूड वापरायचा विचार असेल तर त्यावरचा शिक्का बघ, एचटी लिहिलं असेल तर ते उष्णता देऊन किडामुक्त केलेलं आहे, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे, ते घरात नको.

नवीनच घ्यावं लागलं तर तुझ्या बांबूबद्दल. बांबू चांगला आहेच, ३ ते ५ वर्षांत तोडायला येतो आणि पुन्हा लावावा लागत नाही. पण बाजारात टेबलाचा सपाट टॉप म्हणून जो बांबू मिळतो तो पट्ट्या गोंदाने चिकटवून दाबलेला असतो, तेव्हा गोंद त्यातही आला. वाहतुकीची भीती लोकांना जरा जास्तच असते, जहाजाने आलेल्या वस्तूला टनामागे दर किलोमीटरला फार थोडा कार्बन लागतो, ट्रकला त्याच्या कित्येक पट, आणि विमानाने आली तर विचारूच नको. म्हणून किती लांबून आली ह्यापेक्षा कशी आली हे जास्त महत्त्वाचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सुटी होते का. १८५९ मध्ये मायकल थॉनेटने वाफेने लाकूड वाकवून १४ नंबरची खुर्ची काढली, लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. एक पाय मोडला तर तेवढा पाय बदला, खुर्ची टाकायची गरजच नाही. टेबल बघताना हेच बघ, जोड स्क्रूचे आहेत का आणि दिसतात का, की सगळं कायमचं चिकटवून टाकलंय.

‘इको-फ्रेंडली’ ह्या शब्दावर एक पैसाही जास्त देऊ नकोस, तो कोणीही छापू शकतो. एफएससीचा शिक्का (जंगलांना प्रमाणपत्र देणारी ही संस्था १९९३ पासून आहे) किंवा तशाच पीईएफसीचा असेल तर लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं आहे एवढं कळतं, आणि ते कळणं महत्त्वाचं आहे कारण नैसर्गिक जंगल तोडून आलेल्या लाकडाचा हिशोब कुठल्याच गोंदाबिंदापेक्षा वाईट असतो. पण वस्तूचा कार्बन त्यातून कळत नाही. तो कळतो एन्व्हायर्नमेंटल प्रॉडक्ट डिक्लरेशनमधून, ईपीडी म्हणतात, काही कंपन्या देतात. ती मिळाली तर एक नीट बघ. लाकडी वस्तूंच्या ईपीडीत बनवण्याच्या टप्प्याचा आकडा कधी कधी उणे दिसतो, कारण लाकडात साठलेला कार्बन तिथे वजा केलेला असतो, आणि तोच कार्बन शेवटच्या टप्प्यात, वस्तू टाकल्यावर, पुन्हा अधिक होतो. नुसता पहिला आकडा बघितला तर तुझ्या नवऱ्यासारखंच वाटेल की जितकं घ्याल तितकं चांगलं. दोन्ही टप्पे एकत्र धर, आणि आयुष्य किती वर्षं मानलंय तेही वाच.

घरात वाद न वाढवता हे कसं करायचं म्हणशील, तर शिफ्ट व्हायच्या आधी काहीच विकत घेऊ नका, फक्त रिपेअर करून घ्या. आहे त्या सामानानिशी तिथे राहायला जा आणि काही महिने राहून बघा. रिकाम्या घरात उभं राहून केलेली यादी आणि राहायला लागल्यावरची यादी ह्यात बराच फरक पडतो, निम्म्या गोष्टी लागतच नाहीत. आणि नवऱ्याला काहीतरी नवीन हवंच असेल, जे साहजिक आहे, तर मुलीच्या अभ्यासाची खुर्ची त्याला निवडू दे, ती उंची बदलणारी आणि पाठीला नीट आधार देणारी लागतेच आणि वापरलेली चांगली मिळणं कठीण जातं. घेताना फक्त चाकं, गॅस लिफ्ट आणि सीटची गादी वेगळी विकत मिळते का ते विचारा, आणि मिळत असेल तर मॉडेल नंबर सीटच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, कारण पाचसहा वर्षांनी लिफ्ट गेल्यावर बिल सापडत नाही.